आई आहेस की बाई?

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी सकाळी नऊ वाजता स्टीलच्या ताटावर उलथनं वाजायचं. ती शाळेची घंटा. घंटा झाली की आठ वर्षांचा थोरला आणि पाच वर्षांची धाकटी बाहेरच्या खोलीत चटईवर मांडी घालून बसायची, हात जोडून प्रार्थना म्हणायची आणि सव्वानऊला गणित सुरू व्हायचं. भिंतीवर वेळापत्रक होतं. कार्डशीटवर पट्टीनं रेघा मारून, चार रंगांच्या स्केचपेननी काढलेलं. पाच तास, एक छोटी सुट्टी, एक मोठी सुट्टी, शनिवारी चाचणी. ते वेळापत्रक मी काढलं होतं.

मी साताऱ्यातल्या एका अनुदानित प्राथमिक शाळेत २७ वर्षं शिकवलं. पहिली ते चौथीचे सगळे वर्ग हाताखालून गेले. त्यामुळे २०२१ च्या जूनमध्ये बहिणीनं फोन करून "ताई, आम्ही मुलांना आता शाळेत नाही पाठवणार, घरीच शिकवू म्हणतोय" असं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा धक्का बसला आणि दुसऱ्या दिवशी मी बालभारतीच्या पुस्तकांचे दोन संच घेऊन वाईच्या एसटीत बसले. घरी शिकवायचंच असेल तर नीट शिकवा, एवढंच माझ्या मनात होतं. नीट म्हणजे कसं, याचं माझ्यापाशी एकच उत्तर होतं. तेच मी भिंतीवर लावून आले.

आज ती कार्डशीट तिथे नाही. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग मात्र अजून दिसतात. ती कशी उतरली आणि उतरल्यावर घरात काय काय झालं, ते मी गेली चार वर्षं जवळून पाहते आहे. या लेखासाठी मी मुद्दाम पुन्हा जाऊन राहिले, बहिणीच्या वह्या वाचल्या, मेहुण्यांशी, शेजाऱ्यांशी, मुलांशी बोलले. मुलांना विचारूनच लिहिते आहे. "लिही, पण नाव नको," असं थोरल्यानं सांगितलं, म्हणून कुणाचंच नाव यात नाही.

घर वाईच्या बाहेर, मेणवलीच्या बाजूला आहे. मेहुणे सोलर पंप बसवण्याची कामं घेतात. बहीण वाईतल्या तीन दुकानांचे हिशेब टॅलीवर लिहिते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा थोरला पहिलीत होता. पुढचं वर्षभर तो मोबाईलच्या चौकटीत शाळा बघत राहिला आणि त्या वर्षभरात आई-बापांना आपलं मूल कसं शिकतं ते पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसलं. शिक्षिका म्हणून मला हे कबूल करायला हवं, की ते आम्ही शाळेत फार थोड्या मुलांच्या बाबतीत पाहू शकतो. चाळीस मुलांत पाहायला वेळ मिळत नाही. त्या एका वर्षात दोघांचं ठरलं.

पहिलं दीड वर्ष छान चाललं, असं सगळ्यांना वाटत होतं. वह्या भरल्या होत्या. मी महिन्यातून एकदा जायची, वह्या तपासायची, लाल पेनानं बरोबरच्या खुणा करायची. दोन्हीकडच्या नातेवाइकांना दाखवायला काहीतरी हातात होतं. मेहुण्यांच्या वडिलांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "पोलीस येतील का रे घरी?" मेहुण्यांनी त्यासाठी शिक्षण हक्क कायदा वाचून काढला. २००९ चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क त्यानं दिला आणि कलम १० नुसार मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य ठरवलं. ते कर्तव्य न केल्यास पालकांना शिक्षा मात्र त्यात कुठे लिहिलेली नाही आणि घरी शिकवण्याबद्दल एक अक्षरही नाही. आपल्याकडची होमस्कूलिंगवाली सगळी घरं अशी कायद्यानं न हटकलेल्या, पण कायद्यानं न ओळखलेल्याही जागेत राहतात. आजोबांना एवढंच सांगितलं, की पोलीस येणार नाहीत.

पोटदुखी सुरू झाली ती दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर. थोरल्याचं पोट नऊच्या सुमारास दुखायचं. डॉक्टर झाले, जंताचं औषध झालं, ओवा झाला. रविवारी पोट दुखत नाही हे आधी माझ्या बहिणीच्या सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या बोलल्या नाहीत. सून आणि सुनेची शिक्षिका बहीण दोघी जिथे ठाम, तिथे त्यांनी काय बोलायचं?

मग जानेवारी २०२३ मधली ती सकाळ. तीन अंकी वजाबाकी, हातचा घेऊन. तिसऱ्यांदा चुकली. बहिणीचा आवाज चढला. थोरल्यानं पेन्सिल वहीवर आडवी ठेवली आणि अगदी हळू विचारलं, "आत्ता तू आई आहेस की बाई?"

बहिणीनं दुपारी मला फोन केला. तिचा आवाज बसलेला होता. ती म्हणाली, "ताई, रोज तीन तास मी त्याच्यावर ओरडते आणि उरलेला दिवस त्याची समजूत काढते. तो मला दोन बायका समजायला लागलाय." मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवतं. मी म्हटलं, "मुलं असं बोलतातच, टाळायला बघतात. तू वेळापत्रक मोडू नकोस." त्या दिवशी ती बहीण म्हणून माझ्याशी बोलत होती आणि मीही तिला बाई म्हणूनच उत्तर दिलं. याची बोच मला अजून आहे.

वेळापत्रक एका दिवसात गेलं नाही. आधी उलथन्याची घंटा गेली. मग प्रार्थना, ती आता आजीबरोबर संध्याकाळी होते, शुभंकरोतीच्या वेळी. मग शनिवारची चाचणी. पाच तासांचे दोन झाले. गुढीपाडव्याच्या आवराआवरीत कार्डशीट भिंतीवरून निघाली आणि परत लावायचं कुणी नाव काढलं नाही.

याला 'अनस्कूलिंग' म्हणतात हे बहिणीला पुण्याच्या एका कुटुंबाकडून कळलं. शब्द अमेरिकन शिक्षक जॉन होल्ट यांचा. खासगी शाळांत वर्षानुवर्षं शिकवताना ते मुलांची टिपणं काढत. १९६४ मध्ये 'हाऊ चिल्ड्रन फेल' हे त्यांचं पुस्तक आलं. मुलं वर्गात विचार करण्यापेक्षा बाईंना हवं असलेलं उत्तर हुडकण्यातच जास्त हुशारी खर्च करतात, असं त्यांना दिसलं होतं. आधी त्यांना शाळा सुधारायच्या होत्या. ती आशा सुटल्यावर १९७७ मध्ये त्यांनी शाळेबाहेर मुलं वाढवणाऱ्या पालकांसाठी एक नियतकालिक काढलं आणि तिथे हा शब्द रुजवला. तेव्हा त्याचा अर्थ फक्त शाळेतून काढणं एवढाच होता. घरी शाळा भरवणं वेगळं आणि मुलाच्या ओढीनं शिकणं वेगळं, हा फरक पुढे त्या शब्दाला चिकटला. होल्टबद्दलची मला सर्वांत भावलेली गोष्ट अशी, की चाळिशीत त्यांनी चेलो हे वाद्य शिकायला घेतलं आणि त्यावर एक पुस्तक लिहिलं. शिकण्याबद्दल बोलणारा माणूस स्वतः अडखळत काहीतरी शिकत होता.

मी ते पहिलं पुस्तक बहिणीकडून आणून वाचलं. वाचताना दोनदा मिटून ठेवलं. माझ्या वर्गातल्या मुलांचे चेहरे आठवत होते; माझ्या भुवईकडे बघत बघत उत्तर बदलणारे.

आता त्या सहा महिन्यांबद्दल. अनस्कूलिंगच्या गोष्टी सांगताना हे महिने बहुतेक जण गाळतात.

एप्रिल ते सप्टेंबर २०२३ थोरल्यानं काहीही केलं नाही. म्हणजे आपण ज्याला काही म्हणतो ते काहीही. दहाला उठायचा. मोबाईलवर माइनक्राफ्ट. वाचायला दिलेलं पुस्तक पालथं. शाळेत जितकी वर्षं गेली तितके महिने तरी शाळा अंगातून उतरायला लागतात, असा या पालकांत एक ठोकताळा आहे. बहीण तो घोकत होती आणि रात्री झोपत नव्हती. मेहुण्यांशी खटके उडाले. सासऱ्यांनी जेवताना बोलणं बंद केलं. मी गेले की मलाच भीती वाटायची, आपण एका हुशार मुलाचं वाटोळं होताना बघतोय का?

त्या काळात बहिणीनं एक वही घातली. आधीच्या वहीचं शीर्षक होतं 'आज काय शिकवलं'. या वहीचं 'आज काय झालं'. तिच्या परवानगीनं त्यातली एक नोंद देते: "१२ जून. दहाला उठला. दोन तास मोबाईल. दुपारी मोरीत पाईप बादलीत टाकून तोंडानं पाणी ओढलं, दुसरं टोक खाली सोडलं, पाणी येतच राहिलं. टोक वर धरून बघितलं, खाली धरून बघितलं. चाळीस मिनिटं. सगळी मोरी ओली. मी काही बोलले नाही."

'मी काही बोलले नाही' हे वाक्य त्या वहीत पानोपानी आहे. ते लिहायला तिला किती कष्ट पडले असतील ते मला कळतं, कारण त्या जागी मी असते तर लगेच हवेचा दाब समजावून सांगितला असता. मुलगा "हो" म्हणाला असता आणि पाईप ठेवून निघून गेला असता.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, की अनस्कूलिंग म्हणजे मुलं मोकाट आणि पालक मोकळे. मी जे पाहिलं ते उलटं आहे. वेळापत्रक होतं तेव्हा बहीण तीन तास बांधलेली आणि नंतर मोकळी असायची. आता ती दिवसभर कानोशात असते. कुठे जाताना काय दिसेल, कुणाला भेटवावं, कुठली गोष्ट नुसती टेबलावर ठेवून द्यावी, कधी गप्प बसावं. तीनपैकी एका दुकानाचं काम तिनं सोडलं. या मार्गाची किंमत बहुतेक घरांत आईच्या वेळेतून आणि आईच्या मिळकतीतून जाते, आणि तिची वाटणी कशी करायची हे त्या घरानं आधी बोलून घ्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे ते भांडणातून झालं. मेहुण्यांनी गुरुवार स्वतःकडे घेतला. गुरुवारी थोरला त्यांच्याबरोबर पंपाच्या कामावर जातो, पॅनलचं तोंड दक्षिणेला करायला लागतो, विहिरीची खोली दोरी सोडून मोजतो.

पाठीमागं जाणंही झालं. डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नात पंगतीला बसलेल्या एका काकांनी सगळ्यांसमोर थोरल्याला विचारलं, "काय रे, सतराचा पाढा म्हण बघू." त्याला आला नाही. आजूबाजूचे हसले नाहीत, पण एकमेकांकडे बघितलं. बहीण घरी आली ती वाटेत पाढ्यांचं पुस्तक घेऊनच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला चटई पसरली गेली. अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी पोट दुखलं. बहिणीनं पुस्तक कपाटात ठेवलं आणि माझ्याजवळ रडली. म्हणाली, "ताई, मी त्याच्यासाठी नाही गं, त्या काकांसाठी शिकवत होते." वेळापत्रकाबद्दल इतकं खरं वाक्य मी माझ्या नोकरीत कधी ऐकलं नव्हतं. आम्हीही कितीतरी पानं इन्स्पेक्शनसाठीच शिकवली.

मग आली हळद.

शेजारच्या तात्यांची वीस गुंठे हळद आहे. फेब्रुवारीत काढणी झाली, शिजवायला घेतली. थोरला तेव्हा अकराचा होता. तो सकाळपासून तिकडेच. हळद शिजली की नाही हे तात्या टोकदार काडी गड्ड्यात खुपसून बघतात; काडी विनात्रास आरपार गेली की झालं. हे काम दोन दिवसांत त्याच्याकडे आलं. त्यानं तात्यांकडून पाच किलो शिजलेली हळद मागून घेतली, वेगळ्या गोणपाटावर पसरली, कडेला लाल दोरा बांधला आणि रोज संध्याकाळी तात्यांच्या काट्यावर वजन करायला लागला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. वजनं त्यानं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिली. पहिल्यांदा पाच. मग साडेचार, मग पावणेचार. पंधरा-सोळा दिवसांनी हळकुंडं वाजायला लागली तेव्हा काटा एक किलो शंभर ग्रॅमवर थांबला.

मी त्या आठवड्यात तिथेच होते. तो धावत आला. "मावशी, चार किलो कुठे गेली?" "पाणी होतं ते, उडून गेलं." तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे पाचातला एकच राहिला. आणि थोडं वर." दोन वर्षं मी त्याला एक पंचमांश भाकरीच्या चित्रांतून शिकवत होते. तो तुकडे बरोबर रंगवायचा. पण त्याला तो एक पंचमांश कधी कळलाच नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं.

त्या संध्याकाळी तो वही घेऊन आला. त्याला ते 'थोडं वर' किती, ते नेमकं काढायचं होतं. "मला हा भागाकार समजावून सांग. आज तू बाई हो." मी वीस मिनिटं बाई झाले. एक पूर्णांक एक दशांश भागिले पाच. दशांशचिन्ह कुठे सरकतं, का सरकतं. शंभर किलोला बावीस, हे उत्तर आलं तेव्हा त्यानं ते गोठ्याच्या भिंतीवर लिहून यायला धूम ठोकली. परत आल्यावर म्हणाला, "बास. आता मावशी हो." तात्यांना त्यानं आकडा सांगितला. ते म्हणाले, "वीस ते पंचवीस पडतीच. बापजाद्यापासून ठावं हाय."

तात्यांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते चौथीपर्यंत शिकले. साडेतीन क्विंटलचे किती, हे ते दर ऐकल्या ऐकल्या तोंडी सांगतात, कारण त्यांना औटकी येते. औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, हे अपूर्णांकांचे पाढे त्यांच्या पिढीला पाठ असायचे. मी शाळेत गेले तोवर ते गेले होते. तात्यांना औटकी छडीच्या धाकानंच आली, ते स्वतः सांगतात, पोटऱ्या दाखवून. तेव्हा घोकंपट्टीनं काही मिळत नाही असं मी म्हणणार नाही. थोरल्याला ती आकड्यांची ऐट इतकी आवडली, की तो तात्यांच्या ओट्यावर बसून आपणहून औटकी घोकायला लागला. मोठ्यानं, डुलत, अगदी जुन्या शाळेतल्यासारखा. अनस्कूलिंग म्हणजे पाठांतराला, शिस्तीला, शिक्षकाला नकार, अशी माझी समजूत होती ती तिथे गळून पडली. मूल शिस्त मागतं. ती कधी मागतं आणि कुणाकडे मागतं, याची वाट बघायची ताकद आपल्यात कमी असते.

वाईत या गोष्टीला फार जुनी साक्ष आहे. गंगापुरीतल्या प्राज्ञपाठशाळेवरून मी मुलांना घेऊन गेले होते, तेव्हा ती त्यांना सांगितली. विनायक भावे नावाचा तरुण १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला, सुरतला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. शाळा-कॉलेजचे दाखले त्याआधीच त्यानं चुलीत घातले होते. पुढे गांधींच्या आश्रमात तो विनोबा झाला आणि पुढल्याच वर्षी तिथून रजा घेऊन वाईला आला, या पाठशाळेत नारायणशास्त्री मराठ्यांकडे वेदान्त शिकायला. लक्ष्मणशास्त्री जोशी तेव्हा तिथेच शिकत होते. विनोबांनी त्यांना इंग्रजी शिकवलं. पुढे तर्कतीर्थ झालेला आणि मराठी विश्वकोशाचा पहिला प्रमुख संपादक झालेला हा विद्वान रूढ कॉलेजातून आलेला नव्हता. पाठशाळेची शिस्त कडक होती. दाखले जाळणारा विनोबाच त्या शिस्तीत स्वतःच्या पायांनी येऊन बसला होता. थोरल्यानं मला विचारलं, "मग त्यांची आई रागावली नाही?" दाखले जाळण्याची गोष्ट सांगितली की मुलांच्या मनात पहिल्यांदा आईच येते.

धाकटीची गोष्ट वेगळी आणि माझ्यासाठी अवघड. ती शाळेत गेलीच नाही. साडेआठ वर्षांची होईपर्यंत तिला वाचता येत नव्हतं. मी पहिलीला शिकवलेली बाई. दिवाळीपर्यंत अक्षरं, मार्चपर्यंत जोडाक्षरं हा माझा हिशेब. सात वर्षांच्या भाचीला 'कमळ' वाचता येत नाही हे मला सहन होईना. इथे मी बहिणीशी भांडले आणि ते भांडण योग्य होतं असं आजही म्हणते. उशिरा वाचणारं मूल आणि अक्षरं डोळ्यांसमोर जुळतच नाहीत असं मूल, बाहेरून सारखंच दिसतं. पहिल्याला वेळ हवा असतो, दुसऱ्याला लवकर मदत. नुसतं 'वाचेल आपोआप' म्हणून बसलेल्या पालकांमुळे दुसऱ्या मुलाची वर्षं वाया जातात. साताऱ्याला नेऊन डोळे, कान आणि शिकण्याच्या अडचणी, सगळं तपासून घेतलं. काही निघालं नाही. मग मी गप्प बसायला शिकले.

तिचं वाचन वाईच्या एसटी स्टँडवर सुरू झालं. मला सोडायला यायची तेव्हा गाड्यांच्या पाट्या बघायची. तिथून एक गाडी जोर खोऱ्यातल्या जोर गावाला जाते. एक दिवस तिनं ती दोन अक्षरं लावली, 'जो', 'र', आणि म्हणाली, "जोर! मावशी, कुणी लावायचा?" मग धोम. मग सातारा. 'महाबळेश्वर'ला आठवडा लागला. त्यातलं 'श्व' तिला घरी येऊन पाटीवर दहादा काढावंसं वाटलं. चार महिन्यांत ती दादाची पुस्तकं ओढायला लागली. ऱ्हस्व-दीर्घ मात्र अजून दोघांचंही कच्चं आहे. थोरल्याला इतिहासातला शिवकाळ सोडून बाकी फारसं ठाऊक नाही. मोठे भागाकार तो मोबाईलवर करतो. हे मी लपवत नाही.

अभ्यास काय सांगतात? कॅनडातल्या कॉनकॉर्डिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये घरी शिकणाऱ्या ३७ आणि शाळेत जाणाऱ्या ३७ मुलांची तुलना केली. घरी आखीव पद्धतीनं शिकणारी २५ मुलं शाळेच्या मुलांपेक्षा पुढे होती. आखणीशिवाय शिकणारी १२ मुलं सर्वांच्या मागे. उलट मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे आणि जीना रायली यांनी अशा पद्धतीनं वाढलेल्या ७५ प्रौढांना विचारलं, तेव्हा त्यांतले ८३ टक्के पुढे कुठल्या ना कुठल्या उच्च शिक्षणाकडे गेलेले निघाले. पहिल्या अभ्यासातली बारा मुलं दहा वर्षांपर्यंतचीच होती. दुसऱ्यात आपणहून उत्तर द्यायला आलेली, म्हणजे बहुधा समाधानी माणसं होती. कुणी मला या आकड्यांवरून मार्ग ठरवायला सांगितलं तर मी ठरवणार नाही. पण पहिला अभ्यास मी बहिणीला मुद्दाम वाचायला दिला. नातेवाईक मात्र मुंबईच्या त्या मुलीचं उदाहरण देतात, जी बारावीच्या प्रमाणपत्राअभावी आयआयटीत जाऊ शकली नाही आणि २०१६ मध्ये संगणक ऑलिंपियाडच्या तीन पदकांच्या जोरावर एमआयटीत गेली. तिच्या कर्तृत्वाला नमस्कार. पण त्या पदकांचं ओझं माझ्या भाच्यावर टाकू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि एक प्रश्न मला तात्यांच्या शेतात विचारला गेला. हळद काढायला येणाऱ्या एका बाईंना मी सांगत होते, की ही मुलं शाळेत जात नाहीत. त्या हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "तुमच्या पोरांनी साळा सोडली तर त्याला कायतरी नाव आसंल. आमच्या पोरीनं सोडली तर मानसं म्हनतील, आता लगीन उरका."

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या वर्गात अशा मुली होत्या, ज्यांच्यासाठी शाळेचे पाच तास हा दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ होता. घरी धाकटी भावंडं, धुणं, शेण. त्या सुट्टी नको म्हणायच्या. १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ती दारं उघडायला, आणि त्या दारातून आत यायला कित्येक घरांना अजून पिढ्या लागताहेत. त्या दाराबाहेर आपण स्वेच्छेनं पडू शकतो, कारण आपल्या आईला, आजीला त्यातून आत जाता आलं होतं. बहिणीला हे पूर्ण कळतं. तिची टॅलीची मिळकत, मेहुण्यांचा धंदा, घरातली पुस्तकं, शिकलेली मावशी, हे सगळं नसतं तर हा मार्ग तिनं निवडू नये असं मीच सांगितलं असतं.

पण म्हणून मुलाच्या मागं जाणं हे फक्त आपल्यासारख्यांचे चोचले आहेत, असंही मी मानत नाही. डी.एड.ला असताना मी ताराबाई मोडकांवर टीप लिहिली होती, गुणांसाठी पाठ करून. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. मुलं जिथे आहेत तिथे, गुरांवर लक्ष ठेवता ठेवता. गुरांमागची ती मुलं घरची गरीब होती आणि त्यांच्या शिक्षिकांनी वेळापत्रकाआधी मुलं पाहिली. मी २७ वर्षांत एकदाही वर्ग कुठे बाहेर नेला नाही. तसं करता येतं, हे मला टिपेत माहीत होतं.

पुढचं काय, हे सगळेच विचारतात. थोरला बारा वर्षांचा आहे. चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येतं. पाच विषय, मराठी माध्यमही आहे, आणि नोंदणीपासून पाच वर्षांत नऊ संधी. तो बसणार की नाही हे त्यानं ठरवायचं आहे. मध्यंतरी त्यानं मला त्या विषयांची यादी मागितली आणि ती वाचून म्हणाला, "यातलं गणित मी करीन. बाकीचं बघू." बहीण तेव्हा भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. रात्री तिच्या वहीत ती नोंद होती आणि खाली तेच वाक्य.

परवा मी निघाले तेव्हा धाकटी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. घराजवळ गाडीचा थांबा आहे. खांबावरची पाटी गंजलेली, अर्धी उडालेली. ती बोटानं एकेक अक्षर लावत होती. "वि... नं... ती... थांबा. विनंती थांबा. मावशी, विनंती कुणाला करायची?"

"ड्रायव्हरला. हात दाखवायचा, म्हणजे थांबतो."

तेवढ्यात समोरून धोमकडे जाणारी गाडी आली. आमची नव्हे, उलट्या दिशेची. तिनं हात दाखवला. गाडी थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून वाकून विचारलं, "येतीस का गं?"

तिनं मान हलवली, नाही म्हणून. आणि मोठ्यानं, पहिल्यापासून, पाटी वाचून दाखवली.